किनाऱ्याने जायचं की आतून? आधी दुपार ठरवा

आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दरवर्षी एकच भांडण होतं. लेकीला समुद्र हवा असतो, नवऱ्याला सरळसोट हायवे, आणि सासूबाई म्हणतात, "मला कुठूनही न्या, फक्त उलटी होऊ देऊ नका." गाडी मी चालवते, त्यामुळे शेवटचा शब्द माझा. हा शब्द वापरून गेल्या तेरा वर्षांत मी दोन्ही बाजूंनी भरपूर चुका केल्यात, आणि एका निळ्या वहीत त्या लिहूनही ठेवल्यात. किती वाजता निघालो, कुठे थांबलो, कुठे रडारड झाली, सगळं.

ती वही मध्यंतरी एकदा सलग वाचली. जे काही बिघडलं होतं, त्यातलं जवळजवळ सगळं दुपारी बारा ते चारच्या दरम्यान बिघडलं होतं. रस्ता कुठलाही असो. तेव्हापासून मी नकाशा नंतर उघडते. आधी घरच्यांना विचारते, दुपारी बारा ते चार आपण कुठे असणार? चालत्या गाडीत, सावलीत, की पाण्यात? याचं उत्तर खरं दिलं, तर किनारा की आतला रस्ता हे निम्मं तिथेच ठरतं.

कारण दोन्हीकडची दुपार वेगळी असते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामाला येतं. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. सकाळी उशिरा, साधारण दहा-अकराच्या सुमारास, तापलेल्या जमिनीवरची हवा वर जायला लागते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. दुपारी त्यांना चांगला जोर असतो. रात्री उलट होतं, पण मतलई वारे तुलनेने अशक्त असतात आणि समुद्र रात्रीही फारसा निवत नाही. म्हणजे किनाऱ्याची दुपार सुसह्य आणि रात्र चिकट. आत नेमकं उलटं. दुपार भाजून काढते, पण कोरडी हवा सूर्य मावळल्यावर भराभर निवते आणि पहाटे चादर ओढून घ्यावीशी वाटते.

यावरून माझा साधा नियम असा झाला: दिवसा गाडीत बसून राहणं टाळता येणार नसेल तर किनारा. पहाटे पाचला सगळ्यांना गाडीत कोंबण्याची धमक असेल आणि अकराच्या आत मुक्कामाला पोचता येत असेल तर आतला रस्ता. आमच्याकडे ही धमक तीन दिवस टिकते, चौथ्या दिवशी नवराच उठत नाही.

पण "समुद्र म्हणजे गारवा" हे डोळे झाकून धरू नका. वाऱ्याला गारवा येतो तो पाण्यामुळे, आणि पाणीच कोमट असेल तर वारा फक्त ओलावा आणतो. इराणच्या आखाताच्या काठी सौदी अरेबियातल्या धहरानला 8 जुलै 2003 रोजी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा दव होऊन जमायला लागतो ते तापमान, 35 अंश सेल्सिअस नोंदला गेला होता. हा आकडा जितका जास्त, तितकी हवा ओली. शहर समुद्रकाठचं, पण अशा हवेत घाम सुकायला जागाच नसते. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाचा किनारा. तिथलं पाणी इतकं थंड असतं की भर उन्हाळ्यात धुकं दाटतं, आणि ज्या निळ्या समुद्रासाठी वळणावळणाने गेलात तो दुपारपर्यंत दिसतच नाही. थोडं आत गेलं की मात्र लख्ख ऊन. तेव्हा ज्या किनाऱ्याला निघालात त्याचं पाणी गार की कोमट, एवढं आधी बघून ठेवा.

हवामानाच्या अंदाजात आम्ही पूर्वी फक्त तापमान बघायचो, मग आर्द्रतेचे टक्के बघायला लागलो. टक्के फसवतात. सकाळी 90 टक्के आणि दुपारी 50 टक्के दिसले म्हणून हवा कोरडी झाली असं नसतं. हवा तापली की त्याच ओलाव्याचा टक्का कमी दिसतो. बघायचा तो दवबिंदू. बहुतेक हवामान ऍपमध्ये तो खाली कुठेतरी असतो. 15 अंशांच्या आत असेल तर मजेत चला. 20 च्या वर गेला की अंगाला कपडे चिकटतात. 24-25 च्या पुढे गेला तर सासूबाईंना घेऊन किनाऱ्याने जायचा विचार मी सोडून देते. 32 अंश तापमान ऐकायला किरकोळ वाटतं, पण 75 टक्के आर्द्रतेत ते अंगाला सुमारे 43 अंशांसारखं लागतं.

आतल्या कोरड्या उन्हाचा कावा वेगळा. तिथे घाम येतो आणि येताक्षणी सुकतो, म्हणून आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. लेक एकदा तीन तास "मला तहान नाही" म्हणत बसली आणि मग डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. आता मी तहानेवर सोडत नाही. दर थांब्याला प्रत्येकाने पाणी प्यायचंच, आणि लघवी गडद पिवळी असेल तर आणखी प्यायचं. हे सांगायला लाज वाटत नाही. आणखी एक: आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. बाहेरची हवा त्याहून बरीच गरम असली की खिडकी उघडून येणारा वारा अंग निववत नाही, भट्टीसमोर बसल्यासारखा तापवतो. अशा वेळी ओला पंचा मानेवर ठेवा, नाहीतर काचा बंद करून एसी लावा.

आतल्या रस्त्याच्या बाजूने एक हुकमाचा पत्ता मात्र आहे, तो म्हणजे उंची. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी निवते. मैदानात 40 अंश असतील तर 1200 मीटरवर साधारण 32. आतला रस्ता निवडताना मी मुक्कामांच्या गावांची उंची वहीत लिहिते, अंतर नंतर. ज्या आतल्या रस्त्यावर एकही मुक्काम 800 मीटरच्या वर नाही, तो उन्हाळ्यात माझ्याकडून सहसा बाद होतो.

अंतर, वेळ आणि खाड्या

किनाऱ्याचं अंतर हा प्रकारच गमतीचा आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की किनारा मोजायची पट्टी जितकी लहान घ्यावी तितकी लांबी वाढत जाते. पुढे 1967 मध्ये गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रोने तोच धागा धरून ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीचा प्रश्न मांडला. गाडीत बसलेल्या माणसाला हे गणित पहिल्याच दिवशी कळतं. नकाशावर बोटाने मोजलेले 90 किलोमीटर रस्त्यावर 150 होतात. प्रत्येक खाडीला रस्ता आत वळतो, पुलापर्यंत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. पलीकडचं गाव समोर दिसत असतं, दिवे मोजता येतात, आणि पोचायला तास लागतो.

माझ्या वहीतले आकडे सांगते. थांबे धरून आतल्या रस्त्याने आमची सरासरी तासाला 58 किलोमीटर पडली आहे, किनाऱ्याने 34. तुमचे आकडे वेगळे असतील, पण दोन्हींत मोठा फरक असेल हे धरून चाला. किनाऱ्याचा बेत आखताना मी ऍपने दाखवलेल्या वेळेची दीडपट करते, आणि मध्ये फेरीबोट असेल तर तिची शेवटची फेरी किती वाजता हे आदल्या दिवशी तिथल्याच माणसाला विचारून घेते. एका वर्षी हे केलं नव्हतं. शेवटची बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली, आणि चार माणसांनी गाडीतच डासांबरोबर रात्र काढली. सासूबाई अजून तो विषय काढतात.

अंतराहून महत्त्वाची गोष्ट मात्र नकाशावर असूनही पटकन लक्षात येत नाही. किनाऱ्याच्या रस्त्याला एकच बाजू असते. तुम्ही जिथे आहात तिथे कंपास ठेवून वीस किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यातलं अर्धं पाणी. म्हणजे पेट्रोल पंप, गॅरेज, दवाखाना, दुसरा रस्ता, सगळं उरलेल्या अर्ध्यात शोधायचं. पुढे दरड कोसळली किंवा झाड पडलं तर वळसा घालायला बाजूचा रस्ता बहुधा नसतो. कॅलिफोर्नियातल्या 'हायवे 1' या किनाऱ्याच्या रस्त्याचा एक तुकडा मे 2017 मध्ये एका प्रचंड दरडीखाली गेला आणि तो तुकडा पुन्हा सुरू व्हायला जुलै 2018 उजाडला. म्हणून किनाऱ्याने निघताना मी पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही, आणि आत जायचे दोन-तीन फाटे कागदावर लिहून ठेवते. कागदावर, कारण कड्याखाली फोनला रेंज नसते. आतल्या भागात रस्त्यांचं जाळं असतं. एक बंद झाला तर दुसरा मिळतो, भले तो खड्ड्यांचा असेल.

गर्दीचंही तसंच. सुट्टीतली शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची सकाळ या वेळांना किनाऱ्याकडे तोंड करून गाडी काढू नका, आणि रविवारी संध्याकाळी तिथून परतू नका. बाकी काही सांगायची गरज नाही.

गाडीत कोण आहे

तान्हं मूल, म्हातारं माणूस, रक्तदाबाची गोळी घेणारं कुणी असेल तर निर्णय त्यांच्यासाठी घ्या, दृश्यासाठी नाही. आणि दोन्ही रस्त्यांना लागू असलेली एक गोष्ट: बंद गाडीत कुणाला "दोनच मिनिटं" म्हणून बसवून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा-एक अंशांनी चढतं. काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही.

गाडी लागणाऱ्यांसाठी किनाऱ्याची वळणं वाईट, पण घाटाची त्याहून वाईट. पुढच्या सीटवर बसवा, फोन काढून घ्या, नजर लांब ठेवायला सांगा. समुद्राचं क्षितिज इथे खरोखर उपयोगी पडतं, कारण ते हलत नाही. लेक डोंगरात दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायला लावायची, किनाऱ्याने दोन तास गाणी म्हणत बसली.

चालवणाऱ्याचं काय, हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. किनाऱ्याचा रस्ता हात दुखवतो पण झोपू देत नाही. आतला सरळ रस्ता झोपवतो. ऑस्ट्रेलियात एअर हायवेचा एक तुकडा 146.6 किलोमीटर एकाही वळणाशिवाय जातो. असा रस्ता, दुपारचे अडीच, पोटात जेवण, मागे सगळे पेंगत आहेत. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत 80 मीटरहून अधिक अंतर कुणीच गाडी चालवत नसतं. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, हे मी सगळं करून पाहिलंय. उपयोग एकाचाच होतो: गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं खरंच झोपणं. दुसरा चालवणारा सोबत नसेल तर दुपारचा सरळ रस्ता बेतातूनच काढा.

आणि गाडीचं

"जेवून निघू" हे आमच्या घरातलं सर्वांत महागडं वाक्य. एकदा जेवून एक वाजता निघालो, दोनला घाट लागला, पुढे माल भरलेले ट्रक, आम्ही त्यांच्यामागे पहिल्या गिअरमध्ये, एसी जोरात. तापमानाचा काटा वर सरकायला लागला. नवऱ्याने एसी बंद केला आणि हीटर पूर्ण लावला. सासूबाईंना वाटलं याला ऊन लागलं. पण उपाय बरोबर होता. हीटर इंजिनाचीच उष्णता गाडीत ओढतो, त्यामुळे काटा खाली येतो. तेवढ्याने आला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं आणि ते तोंडावर येतं. आतल्या रस्त्याने निघायच्या आधी कूलंट, रेडिएटरचे पाइप आणि पंख्याचा पट्टा बघून घ्यायला आम्ही शिकलो ते त्या दिवशी.

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. दर पाच-साडेपाच अंशांमागे दाब साधारण 1 पीएसआयने बदलतो, शिवाय चालून टायर तापतात. दुपारी जास्त दिसतेय म्हणून हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसके असतात, आणि टायर बहुधा फुटतात ते बसके चालवूनच. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. ज्या गिअरने चढला असतात त्याच्याच आसपासच्या गिअरने उतरा.

गाडी विजेवर चालणारी असेल तर हिशोब थोडा उलटतो. हायवेच्या वेगाला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून किनाऱ्याच्या सावकाश रस्त्यावर तीच बॅटरी जास्त लांब नेते. फक्त चार्जर किती अंतरावर आहेत ते त्या अर्ध्या वर्तुळात आधी बघा.

किनाऱ्यावर गाडीचा शत्रू मीठ. परतल्यावर नुसती वरून धुऊन चालत नाही, खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. आणि वाळूत गाडी घालू नका. माझा दीर घट्ट ओल्या वाळूवर गाडी लावून म्हणाला होता, "पाणी किती लांब आहे बघ ना वहिनी." मीही बघितलं. खरंच लांब होतं. तासाभराने मागचं चाक निम्मं रुतलं होतं आणि लाटा बंपरला लागत होत्या. कोळ्यांनी दोर लावून ओढून काढलं. एक जण जाता जाता एवढंच म्हणाला, "काल पुनव होती, ताई." पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं. अष्टमीच्या आसपासची ती भांगाची भरती, ती नरम. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणून रोज वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल संध्याकाळी पाचला जिथे कोरडं होतं तिथे आणखी चार दिवसांनी त्याच वेळी कोरडं असेलच असं नाही. काही ठिकाणी तर रस्ताच भरतीखाली जातो. फ्रान्समधला न्वारमूतिए बेटाकडे जाणारा 'ग्वा' नावाचा रस्ता चार किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि दिवसातून दोनदा पाण्याखाली असतो.

मग मी काय करते

दोन्ही. पण ठरवून. जाताना एक आणि येताना दुसरा असं नाही, तर एकाच दिशेच्या प्रवासात नागमोडी. पहाटे आतल्या हायवेवरून झपाट्याने अंतर कापायचं, कारण त्या वेळी तो गार आणि रिकामा असतो. दहा-साडेदहाला एखादा फाटा धरून किनाऱ्याला उतरायचं. दुपार समुद्राकाठी सावलीत किंवा पाण्यात, खाऱ्या वाऱ्यात. साडेचारनंतर किनाऱ्याच्या रस्त्याने तीस-चाळीस किलोमीटर सावकाश, हाच तो सुंदर तुकडा. आणि मुक्काम जमल्यास पुन्हा थोडं आत, उंचावर, जिथे रात्री झोप लागते. दोन्ही रस्ते एकमेकांपासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत असतील तरच हे जमतं. मध्ये मोठी डोंगररांग असेल तर हा खेळ करू नका, दिवस घाटातच जातो. तेव्हा सरळ एक निवडा आणि दुसऱ्याचं नाव काढू नका.

किनाऱ्याचा तुकडा कुठल्या दिशेने चालवायचा, हेही बघा. समुद्र आपल्या लेनच्या बाजूला हवा, म्हणजे दृश्य अडत नाही आणि थांब्यावर गाडी वळवायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. जिथे डाव्या बाजूने गाडी चालवतात तिथे पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला जा, पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेला. उजव्या बाजूने चालवत असतील तर बरोबर उलट. कड्याची भीती वाटणाऱ्या माणसाला मात्र दरीकडच्या बाजूला बसवू नका. आमच्याकडे ते माणूस म्हणजे नवरा, त्यामुळे आम्ही दोनदा मुद्दाम उलट्या दिशेने गेलो आहोत. आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून लांबचा पल्ला नको. काचेवरची धूळ आणि समोरचा सूर्य यांत रस्ता नाहीसा होतो.

यंदाची वही कालच उघडली. किनाऱ्याच्या बाजूला दवबिंदू 26 दाखवतोय आणि पौर्णिमा सहलीच्या तिसऱ्या दिवशी आहे. आत, 1100 मीटरवर, दोन खोल्या मिळाल्यात. लेकीला सांगितलंय, समुद्र शेवटचे दोनच दिवस, मंगळवार आणि बुधवार. तिने तोंड फुगवलंय. सासूबाईंनी उलटीच्या गोळ्या आत्ताच पर्समध्ये ठेवल्यात.